तीन नंबरच्या मशीनचा घसारा

"पण या मशीनची सर्व्हिसिंग कोण करत होतं?"

मी पेन्सिल खाली ठेवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव परीक्षेचं पुस्तक उघडं होतं, शेजारी चहाचे दोन कप गार होत होते, आणि आमचे हे भुवया जवळ आणून माझ्याकडे असे बघत होते की जणू ती मशीन मीच बिघडवली आहे. प्रश्न अगदी साधा होता. एका कारखान्याने पन्नास हजारांना एक मशीन घेतली. घसाऱ्यामुळे दरवर्षी तिची किंमत वीस टक्क्यांनी कमी होते. दोन वर्षांनंतर तिची किंमत किती?

"कुणीही करत असेल सर्व्हिसिंग. प्रश्नात दिलेलं नाही."

"दिलेलं नाही म्हणजे करत नव्हते. म्हणून तर एवढी घसरली. वेळच्या वेळी ग्रीस मारलं असतं, बेल्ट बदलला असता, तर वीस टक्के काय, पाच टक्केसुद्धा गेले नसते."

"अहो, तुम्हाला मशीन दुरुस्त करायची नाहीये. किंमत काढायची आहे."

"आधी दुरुस्त करतात, मग किंमत काढतात," असं म्हणून यांनी चहाचा कप उचलला. डाव्या हाताने.

त्या डाव्या हाताने कप उचलण्यापायीच आमचा हा सगळा खटाटोप चालला होता. हे इस्पितळाच्या धुलाई विभागात मेकॅनिक. खोल्यांमधल्या चादरी, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे, पडदे, सगळं तिथल्या मोठाल्या मशीनमध्ये धुतलं जातं. एकेका मशीनचा ड्रम एवढा की आत माणूस उभा राहील, आणि हे खरोखरच आत उभे राहायचे. मशीन कुरकुरायला लागली की स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटून ऐकायचं. "डावीकडचं गेलंय," म्हणाले की डावीकडचंच गेलेलं असायचं. विभागातल्या बायका यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणायच्या. घरात मात्र मी चार हाका मारल्याशिवाय या कानांना काही ऐकू येत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून टाकलं होतं.

काही वर्षांपूर्वी ड्रम उतरवताना यांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण हात पूर्वीसारखा वर जाईना. तरी रेटून नेलं. मग गेल्या वर्षी त्याच हाताची बोटं बधिर व्हायला लागली. पाना हातातून निसटायचा. दोनदा निसटला तेव्हा यांनी कुणाला कळू दिलं नाही, तिसऱ्यांदा तो मोठ्या साहेबांच्या बुटावर पडला.

साहेब माणूस चांगला. त्यांनी यांना बसवून घेतलं आणि दोन वाटा सांगितल्या. सुपरवायझरची खात्याची परीक्षा पास व्हायची आणि धुलाई विभागातच राहायचं, नाहीतर गेटवर खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघायचे. पगारात फरक नव्हता. शेजारीपाजारी तर म्हणाले, गेट काय वाईट आहे, बसून खायचं. पण गेटवर बसवलेला माणूस मी पाहिलेला आहे. पूर्वी बॉयलरवरचे एक म्हातारे मिस्त्री तिथे होते. आतून वाफेची शिट्टी झाली की ते खुर्चीतून अर्धवट उठायचे, मान कलती करायचे, आणि परत बसायचे. दिवसातून कितीतरी वेळा. मी डबा द्यायला जायची तेव्हा त्यांच्याकडे बघवायचं नाही. आमच्या ह्यांचं तसं झालं असतं तर ते मला बघवलं नसतं आणि यांना सोसलं नसतं, हे आम्हा दोघांना न बोलता माहीत होतं.

परीक्षा तीनदाच देता येते. हे दोनदा नापास झाले होते. यंत्रांच्या भागात यांना असे गुण पडले की तपासणाऱ्याला संशय आला असेल. पण गणितात वेगळं पास व्हावं लागतं, आणि गणितात निम्मे प्रश्न घसाऱ्याचे. का, तर कुठली मशीन ठेवायची आणि कुठली काढायची हे सुपरवायझरने ठरवायचं असतं. दोन्ही वेळा हे घसाऱ्यावरून घसरले. तिसऱ्या वेळेला मी शिलाईचं काम बाजूला ठेवलं आणि पदर खोचून समोर बसले. शाळेत माझं गणित चांगलं होतं. लग्न जमवताना माझा रंग, उंची, शिवणकाम सगळं यांना सांगितलं होतं, गणिताचं तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित माघार घेतली असती.

सर्व्हिसिंगमधून बाहेर काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. आठवड्याभराने यांनी प्रश्नातल्या मशीनची काळजी करणं सोडलं आणि आकडेमोड करायला घेतली. मग खरी अडचण कळली.

"पन्नास हजारांचे वीस टक्के दहा हजार," हे म्हणाले. "दोन वर्षांचे वीस हजार. उरले तीस. हे बघ, तिसरा पर्याय, तीस हजार. छापलेलंच आहे."

"छापलेलं आहे कारण सगळे तसेच चुकतात. पेपर काढणारा मुद्दाम ठेवतो. पहिल्या वर्षी दहा गेले, बरोबर. उरले चाळीस. दुसऱ्या वर्षीचे वीस टक्के या चाळीसचे. म्हणजे आठ. उत्तर बत्तीस."

"चाळीसचे का? मशीन पन्नासची आहे."

"होती. आता चाळीसची झाली."

"नाही." हे अगदी शांतपणे म्हणाले. हे चिडले की मला बरं वाटतं, कारण चिडलेला माणूस दमतो. शांत झाले की मी समजते, आता हे हलणार नाहीत. "तुला शाफ्ट माहीत आहे? ड्रम ज्याच्यावर फिरतो तो. तो झिजतो. आम्ही दरवर्षी त्याचं माप घेतो. ते माप कशाशी ताडून बघायचं? मशीनबरोबर जे पुस्तक येतं त्यात नव्या शाफ्टचं माप दिलेलं असतं, त्याच्याशी. कायम त्याच्याशी. मागच्या वर्षीच्या मापाशी ताडलं तर दरवर्षी वाटतं, थोडंसंच झिजलंय, चालेल. चालेल चालेल म्हणता एक दिवस शाफ्ट तुटतो आणि ड्रम खाली येतो. मला माझ्या वस्तादाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं. झीज नव्यावरून मोजायची."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. अशा तऱ्हेने चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आळसाने चुकतात, घाईने चुकतात, हे आपले नेकीने चुकत होते.

मी माझ्या धंद्यातलं उदाहरण काढलं. कापड धुतलं की आटतं. समजा एका धुण्यात दहावा हिस्सा आटतं. पुन्हा धुतलं तर जे उरलं त्याचा दहावा हिस्सा आटेल, मूळ ताग्याचा कसा आटेल?

"कापड पहिल्या धुण्यातच आटतं," हे म्हणाले. "दुसऱ्यात काही आटत नाही. आयुष्यभर तेच बघतोय मी."

मी कपाळाला हात लावला. धुलाई विभागातल्या माणसाला धुण्याचं उदाहरण द्यायला गेले, माझंच चुकलं.

शेवटी मी ठेवणीतलं काढलं. "ठीक आहे. तुमच्याच रीतीने करू. दरवर्षी दहा हजार काढा. पाच वर्षांनी किती उरले?"

यांनी हिशेब केला. "शून्य."

"शून्य. म्हणजे पाच वर्षांची मशीन तुमच्या लेखी काहीच नाही. मग तुमची ती तीन नंबरची? ती आपल्या लग्नाच्याही आधीची आहे. ती कशी चालतेय? तुमच्या गणिताने तर ती कधीच मेली."

मला वाटलं, आता जिंकले. तीन नंबर म्हणजे यांचा जीव. विभागातली सगळ्यात जुनी मशीन. तिचे भाग बाजारात मिळत नाहीत म्हणून हे स्वतः करवून आणतात. तिला कुणी खटारा म्हटलेलं यांना चालत नाही. पण हे पेन्सिल ठेवून उठले, आणि दारातल्या चपला घालून बाहेर पडले. परत आले ते तोंड धुऊन जेवायला बसले. पुढचे चार दिवस पुस्तक मिटलेलं राहिलं. जिभेवर ताबा ठेवायला हवा होता, असं मला वाटत राहिलं. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि मला गेटवरची ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसत होती.

त्याच आठवड्यात यांच्या हाताचा दाखला करून घ्यायचा होता. परीक्षा पास होवो न होवो, उजव्या हाताने जड काम होणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून हवं होतं. मी बरोबर गेले. हे एकटे गेले असते तर हात ठणठणीत आहे असं सांगून आले असते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात मायेचा. त्यांनी यांचा हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, बोटांत एक रबरी चेंडू देऊन दाबायला सांगितला. चेंडू फारसा दबला नाही. हे चेंडूकडे असे बघत होते की जणू चेंडूतच काहीतरी बिघाड आहे. बाईंनी जुने कागद चाळले.

"खांद्याच्या वेळी वीस टक्के अपंगत्व लिहिलेलं आहे. आता बोटांचं आणि पकडीचं पंचवीस टक्के धरते."

"म्हणजे पंचेचाळीस," हे म्हणाले.

"नाही. एकूण चाळीस."

"वीस आणि पंचवीस पंचेचाळीस होतात, बाई."

"तसं नाही करत, काका. चाळीस."

"मग माझे पाच टक्के कुठे गेले?"

मी यांचा सदरा मागून ओढला. लोक आपला हात चांगला आहे म्हणून वाद घालतात, हे आपला हात आणखी वाईट आहे म्हणून भांडत होते. तेही डॉक्टरांशी. बाईंना मात्र हसू आलं. त्यांनी पेन ठेवलं, आणि यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हे बघा. बोटांचं दुखणं आलं तेव्हा तुमचा हात पूर्ण होता का? नव्हता. खांद्यात वीस आधीच गेले होते. उरले होते ऐंशी. या दुखण्याने त्या ऐंशीतला चौथा हिस्सा नेला. म्हणजे वीस. आधीचे वीस, हे वीस. चाळीस. जे आधीच गेलंय, ते दुसऱ्यांदा कसं जाणार?"

हे आपला हात बाईंच्या हातात तसाच ठेवून बसले. बाईंनी विचारलं, "पटलं का?" तर यांनी मान हलवली, पण ती मान बाईंसाठी नव्हती.

बाहेर आलो. दाखला टाइप होऊन यायचा होता म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोरून ढकलगाडीवर धुतलेल्या चादरी चालल्या होत्या. यांची नजर त्यांच्यामागे गेली, आणि मग हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पन्नासची मशीन. पहिल्या वर्षी दहा गेले. ते गेले. त्यांच्यातून परत काही जाणार नाही."

"हं."

"उरले चाळीस. जे काय जायचं ते आता या चाळीसमधून. आठ. बत्तीस उरले." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी बत्तीसमधून. मग त्याच्यातून. शून्य कधी होतच नाही गं. काहीतरी उरतंच."

मी किती दिवस या एका वाक्याची वाट बघत होते. आता ऐकलं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण हे आपल्या हाताकडे बघत बोलत होते. मी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"आणि तुमचा शाफ्ट?" मी विचारलं.

"शाफ्टचं वेगळं. शाफ्ट बदलता येतो. कधी बदलायचा ते कळावं म्हणून तो नव्याशी ताडायचा." यांनी बोटं उघडली, मिटली. "हे कुठे बदलता येतंय."

त्या दिवसापासून यांनी पुस्तक असं काही धरलं की मलाच चहा करायला उठावं लागायचं. मोटारीचा घसारा, टाकीचा घसारा, शिवणयंत्राचा घसारा. प्रत्येक प्रश्नाला आधी पुटपुटायचे, "गेलं ते गेलं. उरलं किती?" आणि मग आकडे मांडायचे. आकडे डाव्या हाताने काढायचे, तिरपे, पहिलीतल्या मुलासारखे, पण बरोबर. उलटे प्रश्न मात्र यांना शेवटपर्यंत जमले नाहीत. आजची किंमत देऊन दोन वर्षांपूर्वीची विचारली की हे पान उलटायचे. "मागचं उकरून काय करायचंय," म्हणायचे. मी हात टेकले.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. संध्याकाळी परत आले. मी पाणी दिलं. पेला रिकामा करून म्हणाले, "आला होता."

"कोण?"

"छप्पन्न हजार. ऐंशी हजारांची मशीन, दहा टक्के, तीन वर्षं. दुसऱ्या पर्यायात छापलं होतं, छप्पन्न हजार. मागच्या दोन्ही खेपेला असल्याच उत्तरावर मी खूण करून आलो होतो. तो पेपर काढणारा कोण आहे कुणास ठाऊक, पण मी कुठे चुकतो ते त्याला बरोब्बर माहीत आहे."

"मग? काय केलंत?"

"बघितलं त्याच्याकडे थोडा वेळ. ओळखीचं होतं ना. मग अठ्ठावन्न हजार तीनशे वीसवर खूण केली."

मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. बहात्तर, चौसष्ट आठशे, अठ्ठावन्न तीनशे वीस. मग मी यांच्या पाठीवर अशी थाप मारली की हे ठसकले.

हे पास झाले. काठावर, पण झाले. निकाल लागला त्या दिवशी धुलाई विभागातल्या बायकांनी यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलण्याचा बेत केला होता, तो यांनी हाणून पाडला. यांना एक टेबल मिळालं, काचेच्या खिडकीशी, जिथून सगळ्या मशीन दिसतात. मला वाटलं, संपलं. गेटवरची खुर्ची टळली.

सुपरवायझरचं पहिलं मोठं काम आलं ते वर्षअखेरीच्या मूल्यमापनाचं. प्रत्येक मशीनची आजची किंमत काढायची, दुरुस्तीला काय लागतं ते मांडायचं, आणि ठेवायची की काढायची ते लिहून सही करायची. हे तो कागद घरी घेऊन आले नाहीत. मला विचारलंही नाही. एक दिवस जेवताना एवढंच म्हणाले, "तीन नंबरपुढे 'काढा' असं लिहिलं."

माझा घास हातातच राहिला. "तुम्ही?"

"मीच. शाफ्ट आता बदलायच्या मापाला आलाय, आणि तसा शाफ्ट कुणी करून देणारा राहिला नाही. तुटला तर समोर उभी असलेली बाई जाईल." मग म्हणाले, "किंमत मात्र नीट काढली. साहेब म्हणाले, एवढ्या जुन्या मशीनला शून्य लिहून टाका. मी नाही लिहिलं. वर्षावर्षाचं मांडून दिलं. थोडी उरली होती, ती लिहिली."

तीन नंबर नेणार त्या दिवशी मी मुद्दाम डबा घेऊन गेले. हे डबा विसरून गेले होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. मशीन जमिनीपासून सोडवून मागच्या दारापाशी आणून ठेवली होती. पाइप कापलेले, बेल्ट काढलेला. जिथे ती इतकी वर्षं उभी होती तिथली फरशी बाजूच्या फरशीहून पांढरी दिसत होती. बाहेर भंगारवाल्यांचा ट्रक लागत होता. आणि आमचे हे, सुपरवायझरचा इस्त्रीचा सदरा घालून, मशीनमागे गुडघ्यांवर बसले होते. हातात ग्रीसगन.

"अहो, ही भंगारात चाललीय."

"माहीत आहे. सही माझीच आहे."

"मग आता ग्रीस कशाला?"

"ट्रकात चढवताना ड्रम फिरेल," हे म्हणाले. "कोरडा फिरला तर किंचाळेल. सगळा विभाग ऐकेल. माझ्याकडे असताना हिने कधी तसा आवाज केला नाही."

ग्रीसगनचा दांडा दाबायला दोन हात लागतात. यांनी डाव्याने गन धरली, उजव्याने दांडा दाबायला गेले, बोटं सरकली. पुन्हा धरला, पुन्हा सरकली. मी डबा खाली ठेवला, शेजारी बसले, आणि यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून दाबलं. दांडा खाली गेला. "आणखी एकदा," हे म्हणाले. "आता पलीकडून." माझ्या साडीला काळे डाग पडले, ते अजून आहेत.

मग माणसं आली. त्यांनी फळ्या लावल्या, दोर बांधले, आणि तीन नंबर वर ओढली. फळीवर ती एका बाजूला कलली तसा आतला ड्रम हलला आणि सावकाश एक पूर्ण फेरा फिरला. विभागातल्या बायका हातातल्या चादरी तशाच धरून उभ्या होत्या. हे दाराला टेकून, मान कलती करून ऐकत होते. काहीच आवाज आला नाही. ट्रकाचं मागचं फळकूट लागल्यावर यांनी ग्रीसचे हात पुसले आणि डबा उघडला.